नळीचा वार

पंधरा वर्षांपूर्वी आंब्यावरून घसरलो आणि पाय फाकून गडग्यावर आपटलो. हाड मोडलं नाही म्हणून घरच्यांनी देवापुढे नारळ फोडला. दुखावली होती ती लघवीची वाट. जखम भरताना आतला व्रण आकसत गेला आणि वर्षभरात धार सुतळीएवढी झाली. दुर्बिणीतून तो व्रण दोनदा कापला, दोन्ही वेळा वाट पुन्हा मिटत आली. गालाच्या आतलं अस्तर लावून वाट रुंद करण्याची मोठी शस्त्रक्रिया असते. त्यात पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णी यांची पद्धत जगभर वापरतात. माझ्या हृदयाला ती लांबलचक भूल झेपणार नव्हती. मग डॉक्टरांनी समोर उभं करून स्वतःच्या हाताने नळी घालायला शिकवलं.

तेव्हापासून रविवारची पहाट नळीची. साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, उकळून गार केलेल्या पाण्याने जागा स्वच्छ करायची, चौदा नंबरची कोरी नळी पाकिटातून काढायची. जाडी जेमतेम पावणेपाच मिलीमीटर. तिला जेली लावायची, तेल कधीच नाही. व्रणापाशी नळी अडते. तिथेच सगळी कसोटी. थांबायचं, श्वास सोडायचा, वाट सैल पडू द्यायची. रेटलं की नवी जखम आणि नवा व्रण. रक्त थांबेना किंवा थंडी वाजून ताप आला, तर सरळ दवाखाना.

सुश्रुताने तूप लावलेली नळी दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड घालायला सांगितलं आहे, लघवीची धार अडवणाऱ्या निरुद्धप्रकश या विकारात. ते वाचलं तेव्हा माझी निम्मी लाज गेली.

शिकण्याआधी एका रात्री लघवी तुंबली होती. महाडला नेताना हायवेचा एकेक खड्डा ओटीपोटात लागला. म्हणून 22 जुलै 2021 ची रात्र विसरत नाही. महाड पाण्यात, इकडे आमच्या भागात सुतारवाडी आणि केवनाळे या वस्त्यांवर दरडी, घरात मिट्ट काळोख. ज्यांची माणसं त्या मातीखाली गेली त्यांच्यापुढे माझं दुखणं काहीच नाही. पण त्या रात्री मला दवाखान्यात न्यायची पाळी घरच्यांवर आली नाही, ती रविवारच्या त्या दहा मिनिटांमुळे.

दुखण्यापेक्षा गप्प बसणं जास्त छळतं. परवा तिन्हीसांजेला वाडीतला एक जण आला. पावसावर बोलला, भातावर बोलला, निघताना उंबऱ्यात घुटमळला. "भाऊ, धार फुटायला लय वेळ लागतो हल्ली." मी त्याला आत घेतलं, माळ्यावरचा नळ्यांचा स्टीलचा डबा खाली काढला आणि म्हटलं, "आधी डॉक्टरला दाखव. हे त्याच्या हातून शिकायचं. सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर."