घरातला झेंडा : आरास की आराधना?

मे महिन्याचा शेवटचा सोमवार जवळ आला की अमेरिकेतल्या छोट्या गावांतल्या घरांना निराळाच साज चढतो. पोर्चच्या कठड्यावर निळ्या-पांढऱ्या-लाल कापडाच्या चुणीदार झालरी लागतात. पायऱ्यांवर लाल जिरेनियम आणि पांढऱ्या पेटुनियाच्या कुंड्या येतात, दारावर ताऱ्यांचे तोरण चढते आणि जेवणाच्या टेबलावर काचेच्या बरणीत वीतभर काड्यांवरचे चिमुकले झेंडे खोचले जातात. मेमोरियल डेला सुरू झालेली ही आरास ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनापर्यंत, कित्येक घरी तर उन्हाळा सरेपर्यंत राहते. खर्च फारसा नाही, कारागीर लागत नाही; जुन्या कापडाच्या पट्ट्या आणि बागेतली फुलेसुद्धा पुरतात.

एवढ्या साध्या सजावटीत तत्त्वज्ञानाचा प्रश्न कुठून आला? तो येतो झेंड्याबरोबर. तारे, फुले, झालरी ही शोभेची सामग्री झाली. झेंड्याचे तसे नाही. त्याच्यासाठी माणसे मेली आहेत, त्याच्यापुढे उभे राहून शपथा घेतल्या जातात, त्याला चुकून पाय लागला तरी जीव चरकतो. मग तो घरात आणायचा तो पूज्य म्हणून की शोभा म्हणून? आणि पूज्य म्हणून आणला, तर ज्या घरात आधीच एक देव आहे तिथे त्याने कुठे बसायचे?

उत्तराचा एक धागा या हंगामाच्या उगमातच सापडतो. ही सजावट मुळात घरांची नव्हती, कबरींची होती. १८६५ साली यादवी युद्ध नुकतेच संपले होते. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन शहरात घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दक्षिणेच्या सैन्याने उत्तरेचे युद्धकैदी डांबले होते. त्यातले अडीचशेहून अधिक कैदी तिथेच मेले आणि कसेबसे पुरले गेले. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी त्या मृतदेहांचे नीट दफन केले, भोवती कुंपण घातले आणि १ मे रोजी हजारोंच्या संख्येने फुले घेऊन ते त्या कबरींवर आले. पुढे १८६८ मध्ये उत्तरेच्या माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांनी ३० मे हा दिवस देशभरातल्या सैनिकांच्या कबरी फुलांनी सजवण्यासाठी नेमून दिला. त्याला डेकोरेशन डे म्हणत. मेमोरियल डे या नावाने तो १९७१ पासून मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पाळला जातो.

आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्या सोमवारच्या आधी सैनिक अडीच लाखांहून अधिक छोटे झेंडे रोवतात. अंतर मोजायला पट्टी नसते. शिळेला बूट टेकवायचा आणि त्याच्या लांबीइतक्या अंतरावर, बरोबर मध्यभागी काडी रोवायची. मेमोरियल डे उलटला की ते सगळे झेंडे पुन्हा उचलले जातात. इथे वंदन आहे ते मातीखालच्या माणसाला. झेंडा त्याच्यापुढे वाहिला जातो. या जागी तो दैवत नाही, अर्पण आहे. पोर्चवरच्या झेंड्याकडेही असेच पाहता आले, तर पुढचे बरेच गुंते सुटतात.

पण झेंड्याला दैवत करण्याची ओढही तितकीच जुनी आहे. १८१३ मध्ये बाल्टिमोरच्या मेरी पिकर्सगिल यांनी मॅकहेन्री किल्ल्यासाठी ३० फूट रुंद आणि ४२ फूट लांब झेंडा शिवला. घरात तो अंथरायला जागा पुरेना, म्हणून जवळच्या दारूभट्टीच्या फरशीवर पसरून तो पुरा केला गेला. पुढच्या वर्षी ब्रिटिशांच्या तोफखान्याला पुरून उरलेल्या त्या किल्ल्यावर हाच झेंडा फडकला आणि त्याच्यावरून अमेरिकेचे राष्ट्रगीत लिहिले गेले. नंतर तो किल्ल्याच्या सेनाधिकाऱ्याच्या, जॉर्ज आर्मिस्टेड यांच्या कुटुंबाकडे राहिला. लोक त्याचा एखादा तुकडा मागायला येत आणि कुटुंबीय कात्रीने कापून देत. संतांच्या अस्थी जपाव्यात तसे ते तुकडे घरोघर जपले गेले. आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात मंद उजेडात ठेवलेला हा झेंडा जेमतेम ३४ फूट लांब आहे आणि त्याच्या पंधरा ताऱ्यांपैकी एक गायब आहे. त्या झेंड्याची एवढी कातर शत्रूच्या नव्हे, भक्तांच्या हातून झाली.

कायद्याची भाषाही याच वाटेने गेली. अमेरिकेची ध्वजसंहिता १९४२ मध्ये संसदेने संमत केली. झेंडा हा जिवंत राष्ट्राचे प्रतीक आहे आणि तो स्वतःही जिवंत मानावा, असे ती सांगते. जीर्ण झालेला झेंडा कचऱ्यात टाकू नये, सन्मानाने, शक्यतो जाळून निरोप द्यावा असेही सांगते; १४ जूनच्या ध्वजदिनी माजी सैनिकांच्या संघटना असा विधी ठिकठिकाणी करतात. मराठी वाचकाला हे वाचताना घरचा पार्थिव गणपती आठवल्यावाचून राहणार नाही. तिथेही मातीत प्राणप्रतिष्ठा होते, उत्तरपूजा होते आणि मूर्ती पाण्यात जाते. पण त्या विधीत एक शहाणपण आहे. देव आवाहन केल्याने आला आणि निरोप दिल्यावर गेला, माती म्हणजेच देव नव्हे, हे पूजा करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. राज्याच्या चिन्हाला अशी उत्तरपूजा नाही. त्यात एकदा प्राण भरले की ते काढून घेण्याचा मंत्र कुणाजवळ नसतो.

म्हणूनच ध्वजसंहितेतले सजावटीचे नियम लक्ष देऊन वाचण्यासारखे आहेत. झेंडा पडद्यासारखा वापरू नये, उशांवर भरू नये, कागदी रुमालांवर किंवा वापरून फेकायच्या कोणत्याही वस्तूवर छापू नये. सजावट करायची तर त्याच तीन रंगांची झालर लावावी. निळा वर, पांढरा मध्ये, लाल खाली. खिडकीत किंवा भिंतीवर झेंडा उभा टांगला तर ताऱ्यांचा चौकोन पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा. थोडक्यात, रंग शोभेसाठी मोकळे आणि झेंडा मर्यादेत. ही विभागणी सुंदर आहे, कारण ती सणाचा आनंद हिरावून घेत नाही आणि गांभीर्यही पातळ करत नाही. भारताची ध्वजसंहिता याहून कडक आहे. तिरंग्याचा तोरण किंवा झालर म्हणून वापर ती मान्यच करत नाही, आणि झेंड्याच्या अवमानाला १९७१ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अमेरिकेची संहिता मात्र नागरिकाला केवळ सल्ला देते. झेंडा छापलेल्या कागदी थाळ्या तिथे सर्रास विकल्या जातात आणि जेवण झाल्यावर कचऱ्याच्या डब्यात जातात. पोलीस येत नाहीत. घरच्या माणसाला ते खटकले तरच ते थांबते.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेला यांनी १९६७ मध्ये एका गाजलेल्या निबंधात म्हटले की, अमेरिकेत चर्चबरोबरच एक नागरी धर्मही नांदतो. त्याला त्याचे पवित्र ग्रंथ आहेत, लिंकनसारखे हुतात्मे आहेत, मेमोरियल डे आणि ४ जुलै असे सण आहेत. नागरी धर्माची कल्पना रूसोने दोनशे वर्षे आधी मांडली होती, पण त्याला तो राज्याच्या स्थैर्यासाठी हवा होता. बेलांच्या दृष्टीने या धर्माचा गाभा राष्ट्राची पूजा हा नव्हताच. राष्ट्राहून वरचे काही आहे आणि त्या कसोटीवर राष्ट्रालाही पारखता येते, हा तो गाभा. ही वरची पायरी निसटली की उरते ती मूर्तिपूजा, आणि ती फार लवकर क्रूर होते.

ती किती क्रूर होते, याची साक्ष पेनसिल्व्हेनियातल्या माइनर्सव्हिल या खाणगावाने दिली. १९३५ मध्ये तिथल्या शाळेत बारा वर्षांची लिलियन आणि दहा वर्षांचा विल्यम या गोबायटिस भावंडांनी झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला. ती यहोवाज् विटनेसेस या पंथाची होती. देवाखेरीज कोणत्याही प्रतिमेपुढे झुकायचे नाही ही बायबलमधली आज्ञा त्यांनी शब्दशः मानली होती. शाळेने त्यांना काढून टाकले. ३ जून १९४० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने शाळेची बाजू घेतली. राष्ट्राची एकता चिन्हांच्या आदरातून घडते, असा न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांचा युक्तिवाद होता. निकालानंतर काही दिवसांतच या पंथाच्या लोकांवर गावोगाव हल्ले सुरू झाले, मेन राज्यातल्या केनेबंकमध्ये त्यांचे सभागृह जाळले गेले. झेंड्याच्या मानासाठी शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारले.

न्यायालयाला आपला निर्णय फिरवायला तीनच वर्षे लागली. वेस्ट व्हर्जिनियातल्या बार्नेट कुटुंबाच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मताने सक्तीची सलामी घटनाबाह्य ठरली. निकालाची तारीख होती १४ जून १९४३, ध्वजदिन, आणि देश तेव्हा महायुद्धात होता. राजकारणात, राष्ट्रवादात किंवा धर्मात कोणते मत खरे हे कोणत्याही अधिकाऱ्याने ठरवून द्यायचे नाही आणि ते कुणाकडून बळेच वदवून घ्यायचे नाही, हे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचे सूत्र पुढे समुद्रापार गेले. केरळमध्ये १९८५ साली याच पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले गेले. १९८६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या त्या निकालपत्रात या अमेरिकी खटल्यांचाही विचार केलेला आहे.

हे सारे खटले शाळेतले आहेत, म्हणजे जिथे कुणीतरी हुकूम देणारा आहे तिथले. घर वेगळे. घरात हुकूम देणारा कुणी नाही, म्हणूनच तिथला झेंडा अर्पणाच्या अर्थाला अधिक जागतो. भारतात घरी किंवा कारखान्यात रोज तिरंगा लावण्याचा हक्क उद्योगपती नवीन जिंदल यांच्या खटल्यामुळे २००४ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग म्हणून मान्य झाला. अमेरिकेत घरमालकांच्या संघटना आपल्या वसाहतींत झेंड्याला मनाई करू लागल्या, तेव्हा २००६ मध्ये संसदेने ती मनाई बेकायदा ठरवली. लावण्याचा हक्क आणि न लावण्याचा हक्क एकाच मुळातून येतात. एक काढला तर दुसरा पोकळ होतो, कारण जे वाहिल्यावाचून सुटका नाही ते अर्पण राहत नाही, तो कर होतो.

न लावण्यामागे काय असू शकते, याचा विचार सजावट करणाऱ्यानेही करायला हवा. ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टरमध्ये फ्रेडरिक डग्लस यांनी श्रोत्यांना विचारले होते की तुमचा ४ जुलै गुलामाच्या लेखी काय आहे. स्वतः गुलामगिरीतून पळून आलेल्या या वक्त्याने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची निंदा केली नाही. त्यातले वचन पाळा, एवढेच ठणकावून सांगितले. टेक्सासमधल्या गुलामांना मुक्तीची घोषणा ऐकवली गेली तो १९ जून हा दिवस २०२१ पासून राष्ट्रीय सुट्टीचा आहे. त्याचा झेंडाही लाल, पांढऱ्या, निळ्या रंगांचाच आहे, कारण हे रंग आपलेही आहेत असे तो बनवणाऱ्यांना सांगायचे होते. मे ते जुलैच्या सजावटीत हा झेंडाही लागला, तर चार्ल्स्टनच्या मैदानावर फुले घेऊन आलेल्यांचे ऋण थोडे तरी फिटेल.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत हा प्रश्न आणखी एका बाजूने येतो. नागरिकत्वाची शपथ घेताना जुन्या देशाची निष्ठा सोडल्याचे म्हणावे लागते, आणि तरी १५ ऑगस्टला तिरंगा हवासा वाटतो. अमेरिकेच्या ध्वजसंहितेचे उत्तर सरळ आहे: शांततेच्या काळात दोन राष्ट्रांचे झेंडे वेगळ्या काठ्यांवर, सारख्या उंचीवर आणि साधारण सारख्या आकाराचे असावेत. दैवत मानले तर दोन झेंड्यांत भांडण लागते, दोन ऋणे मानली तर लागत नाही. माणूस आईचेही देणे लागतो आणि सासरचेही. एक फेडताना दुसरे बुडवावे लागत नाही.

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची अडीचशे वर्षे २०२६ मध्ये भरतात, आणि अशा वर्षात झालरींचा खप वाढणे साहजिक आहे. तेव्हा घरात खरा झेंडा एकच असावा, धड असावा, फाटेपर्यंत विसरलेला नसावा. बाकी हौस फुलांवर, कापडावर, दिव्यांवर मनसोक्त करावी. मेमोरियल डेला आवारात माळा लावण्याआधी गावातल्या सैनिकांच्या कबरींवर एक फेरी व्हावी, मुलांना नेऊन. आणि शेजारच्या पोर्चवर काहीच दिसले नाही तर कारण विचारू नये. ते श्रद्धेचे असेल, दुःखाचे असेल किंवा नुसते वेळ न मिळाल्याचे असेल. ४ जुलैच्या जेवणाचे आमंत्रण त्या घरी सगळ्यांत आधी जायला हवे.