कारण आणि दोष

मराठीत ‘कारणीभूत’ असा एक शब्द आहे. व्याकरणाच्या दृष्टीने तो निरुपद्रवी. जे कारण झाले ते कारणीभूत. परंतु पीक उत्तम आले म्हणजे आपण हा शब्द वापरीत नाही, अपघात झाला म्हणजे वापरतो. तो उच्चारला की बोट आपोआप कोणाकडे तरी वळते. ‘दोष’ या शब्दाचेही तसेच. डॉक्टर ‘जनुकीय दोष’ म्हणतात तेव्हा त्यांना पेशीतील एक फरक सांगावयाचा असतो. दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्याचा ‘दोष कोणाचा?’ असा प्रश्न झालेला असतो.

हा प्रश्न एका मातेने मला विचारला. तिचा मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न. तिला स्वतःला तरुणपणापासून आमवात आहे. रोगजंतूंशी लढावयाची शरीराची यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते, असा हा आजार. अशा मातांच्या मुलांत स्वमग्नता अधिक आढळते, असे घरात कोणीतरी कोठेतरी वाचले, आणि सासरच्या माणसांना तेवढे पुरले. ‘तिच्या माहेरचं रक्त’ हे शब्द तिच्या कानावर येऊ लागले. चर्चच्या आवारात मुलाचा हात घट्ट धरून ती म्हणाली, “फादर, माझ्याच अंगातून गेलं का हो हे त्याच्यात?”

‘नाही’ म्हणणे सोपे होते. परंतु खोट्या सांत्वनात समोरच्या माणसाचा थोडा अपमान असतो. म्हणून आधी जे ठाऊक आहे ते पाहू.

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची नोंद काटेकोरपणे ठेवली जाते. तेथे १९९३ ते २००४ या काळात जन्मलेल्या ६,८९,१९६ मुलांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. आमवात किंवा सीलिअ‍ॅक हा आतड्याचा विकार असलेल्या मातांच्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण खरोखरच काहीसे अधिक होते. म्हणजे घरातल्यांनी वाचलेले खोटे नव्हते. मात्र या साऱ्या मुलांत स्वमग्न म्हणून नोंदली गेलेली मुले होती ३,३२५. दोनशेंत एकाहूनही कमी. हे प्रमाण दुप्पट धरले तरी शंभरांतील नव्याण्णव मुले त्याबाहेर राहतात. ‘अधिक’ हा शब्द ऐकताना ‘कशाहून अधिक?’ हे विचारावयाचे आपण विसरतो.

आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एच.एल.ए. नावाच्या जनुकांचा समूह आहे. मूत्रपिंड बसविताना दाता जुळतो की नाही हे जे पाहतात, ते याच जनुकांवरून. आपले कोण व परके कोण हे शरीराला ओळखता येते ते यांच्यामुळे. त्यांतील डी.आर.४ हा प्रकार आमवाताशी निगडित असल्याचे १९७८ पासून ठाऊक आहे. पुढे काही छोट्या अभ्यासांत तोच प्रकार स्वमग्न मुलांत व त्यांच्या मातांत अधिक दिसला, तेव्हा धागा सापडला असे वाटले. परंतु २०१९ साली अठरा हजारांहून अधिक स्वमग्न व्यक्तींची जनुके एकत्र पडताळली गेली, तेव्हा ज्या पाच जागा निश्चित झाल्या त्यांत सहाव्या गुणसूत्रावरची एकही नव्हती. त्याच वर्षी पाच देशांतील वीस लाख मुलांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ऐंशी टक्के ठरविला. वाटा मोठा आहे. पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे आणि आईबाप दोघांकडून येतो. एच.एल.ए.चा तर अर्धा संच पित्याचाच असतो. माहेरच्या रक्ताची गोष्ट करणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

मातेच्या प्रतिपिंडांची गोष्ट निराळी. गर्भवतीच्या रक्तातील हे रक्षक वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने त्याला आजारांपासून जपतात. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांना २००८ साली असे आढळले की, स्वमग्न मुलांच्या ६१ मातांपैकी ७ जणींच्या रक्तात गर्भाच्या मेंदूतील प्रथिनांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांची एक विशिष्ट जोडी होती. इतर मातांत ती एकीतही नव्हती. ज्या वाटेने आईचे संरक्षण जाते त्याच वाटेने क्वचित हेही जात असावे. मला हे वाचताना भय वाटले नाही. एक प्रकारचा आदर वाटला. आपल्या शरीरातील ही पहारेकऱ्यांची फौज पूर्वजांनी साथीच्या रोगांशी झुंजून मिळविली आहे. ती इतकी दक्ष नसती तर आपण कोणी नसतोच.

आता दोषाकडे येतो. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले. मुले जन्मतःच अशी असतात असे त्यांनी लिहिले, आणि आईबापांत ऊब कमी दिसते असेही नोंदविले. जगाने दुसरे वाक्य उचलले. १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांच्या पुस्तकाने तर मातेच्या थंडपणावर शिक्कामोर्तब केले. ज्या स्त्रिया रात्रंदिवस त्या लेकरासाठी झिजत होत्या, त्यांनाच प्रेम येत नाही असे सांगितले गेले. स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ सालीच हा समज खोडून काढला होता. १९६९ साली कॅनर यांनीही पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ च्या जुळ्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकता दाखविली. आईचे हृदय सुटले. मला शंका येते ती ही, की आपण खटला बंद केलाच नाही. आरोपी तीच ठेवून फक्त कलम बदलले. काल तिचे मन होते, आज तिचे रक्त आहे.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलेला प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. पाप घडले आहे हे त्यांनी धरूनच चालले होते. ते फक्त पापी कोण हे विचारीत होते, त्याचे की त्याच्या आईबापांचे. उत्तरात दोन्ही नावे खोडली गेली. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्ही पाठ केले होते की, जाणीव आणि संमती यांवाचून अपराध नाही. प्रतिपिंड कोणाची संमती घेतात? जनुकाला कोणती जाणीव? परीक्षेत हे उत्तर पटकन लिहिता येते. त्या बाईसमोर मात्र ते अपुरे वाटले, कारण कधीकधी माणूस अपराध सोडावयास तयार नसतो. ‘माझ्यामुळे झाले’ यात निदान एक कारण तरी हाती राहते. काहीच हाती नसणे त्याहून जड जाते. शिवाय या साऱ्या चौकशीत मुलगा म्हणजे घडलेली चूक असे आपण गृहीत धरतो. १९९३ साली टोरांटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने पालकांना आमच्यासाठी शोक करू नका असे विनविले, ते यासाठीच. ‘स्वमग्न’ हा आपला शब्दही मला पुरता मानवत नाही. हा मुलगा स्वतःत मग्न नव्हता, आवारातील नळाच्या थेंबांत होता. असो.

मग कारण शोधूच नये काय? तसे नव्हे. १९६४ साली अमेरिकेत रुबेला अर्थात जर्मन गोवराची मोठी साथ आली. गर्भात असताना त्या रोगाची बाधा झालेल्या २४३ मुलांना न्यूयॉर्कच्या स्टेला चेस यांनी तपासले. त्यांतील १८ मुलांत स्वमग्नतेची लक्षणे होती. १९६९ साली लस आली. आपल्याकडे गोवर-रुबेला लसीची मोहीम २०१७ साली सुरू झाली, गोवा पहिल्या टप्प्यातच होता. महाराष्ट्रात ती २०१८ साली आली. लसीमुळेच स्वमग्नता होते ही अफवा ज्या निबंधातून पसरली, तो तर ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला, तरी आपल्या वाड्यांवाड्यांत काही पालकांनी तेव्हा मुलांना शाळेत धाडले नाही. शेजारच्या अंगणातल्या गर्भवतीचे बाळ माझ्या घरच्या पोराला टोचलेल्या लसीने सुरक्षित राहते. येथे जाणीवही आहे आणि संमतीही. पण या जबाबदारीबद्दल कोणी कोणाला ‘कारणीभूत’ म्हटल्याचे मी ऐकले नाही.

हे सारे मी त्या मातेला माझ्या परीने सांगितले. डेव्हिसच्या त्या सात जणींविषयीही सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आणि बाकीच्या चोपन्न जणींना काय सांगितलं, फादर?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेवढ्यात कोणीतरी येऊन नळ बंद केला आणि मुलगा ओरडू लागला. तिने आपल्या वाकड्या बोटांनी तो पुन्हा थोडासा सोडला, आणि थेंब पडू लागेपर्यंत दोघेही तेथे उभी राहिली.