जीर्णोद्धार आणि फेरफार

ज्या वस्तूचा एकेक अवयव काढून त्याच्या जागी दुसरा बसवला जातो ती वस्तू शेवटी तीच राहते की दुसरी होते, हा प्रश्न आपल्याकडील तत्त्वचिंतकांनी रथ, घट आणि पट यांच्या उदाहरणांनी शतकानुशतके चर्चिला. परंतु अलिबाग-रेवदंडा रस्त्यालगतच्या एका नारळी-सुपारीच्या वाडीत, पत्र्याच्या मांडवाखाली, टाटा सिएरा नावाच्या टर्बो डिझेल मोटारीचे इंजिन चेनपुलीला टांगलेले पाहिले तेव्हा तो माझ्यापुढे जितक्या निकडीने उभा राहिला, तितका तर्कसंग्रह वाचतानाही कधी राहिला नव्हता. मोटार माझ्या पुतण्याची. ती भंगाराच्या भावात घेऊन स्वतःच्या हातांनी पुन्हा उभी करायची, आणि उभी करता करता मूळच्यापेक्षा अधिक बलवान करायची, असा त्याचा संकल्प आहे. या संकल्पाचे हे दोन भाग त्याला एकाच कामाचे वाटतात. मला ते तसे वाटत नाहीत, आणि का वाटत नाहीत याचा विचार करू लागल्यावर हा लेख लिहिणे प्राप्त झाले.

सिएरा ही टेल्कोने १९९१ साली बाजारात आणलेली तीन दारांची गाडी. तिची कूळकथा अशी की, त्याच कारखान्याने १९८८ मध्ये काढलेल्या टेल्कोलाइन या पिक-अप वाहनाची चौकट घेऊन तिच्यावर हा नवा साज चढवण्यात आला. म्हणजे जन्मतःच ही मोटार दुसऱ्या एका वाहनाचा फेरफार होती. १९४८ घनसेंटिमीटरचे तिचे डिझेल इंजिन प्रारंभी साधे होते, आणि १९९७ च्या सुमारास कारखान्याने त्याला टर्बो जोडला. स्वतंत्र पोलादी चौकट आणि तिच्यावर बोल्टांनी आवळलेला पत्र्याचा देह, अशी रचना असल्यामुळे देह उचलून बाजूला ठेवता येतो. आमच्या किनाऱ्यावर तो उचलावाच लागतो, कारण खारा वारा पत्र्याला बाहेरून खातो त्यापेक्षा अधिक आतून खातो. दारांच्या खालच्या पोकळ पट्ट्यांत पावसाळ्याचे पाणी साठते, त्यात मीठ असते, आणि वरून रंग शाबूत दिसत असताना आतला पत्रा पापुद्र्यांनी सुटत असतो. हातोडीच्या मुठीने ठोकले की जिथे खणखणीत नाद येत नाही, तेवढा भाग कापायचा, नवा पत्रा वेल्ड करायचा, त्यावर लांबी लावायची, घासायची, पुन्हा लावायची. निम्मा पत्रा असा बदलून झाला आहे. इंजिनाच्या रिंगा, बेरिंगे, गॅस्केटे नवी, हेड लेथवाल्याकडून घासून आणलेले. टर्बोचे आता ठरायचे आहे.

या यंत्राविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. इंजिनातून जळून बाहेर पडणाऱ्या धुराचा वेग वाया न घालवता त्याने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा कोंबून इंजिनात भरावी, आणि हवा अधिक भरली म्हणजे डिझेलही अधिक जाळता यावे, ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याला सुचली. त्याचे पेटंट १९०५ चे आहे. तो दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि इतक्या वेगात तो कोणत्याही धातूवर टेकलेला नसतो. तेलाच्या एका पातळ थरावर तो तरंगत असतो. गाडी जोरात पळवून आल्याबरोबर इंजिन बंद केले की तेलाचा प्रवाह थांबतो, तप्त भागात अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि दांडा झिजू लागतो. पुतण्याने जुना टर्बो उतरवून माझ्या हातात दिला, आणि दांड्याचे टोक चिमटीत धरून वरखाली हलवायला सांगितले. तो हलला. “प्ले आला आहे, काका,” तो म्हणाला. पाती काळी पडली होती आणि एका पात्याची कड घरट्याला घासून चकाकत होती.

आता प्रश्नाकडे वळू. मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांचा संवाद बहुश्रुत वाचकाला नवा नाही. आपण पायी आलात की रथातून, असे नागसेन विचारतो. रथातून, असे राजा म्हणतो. मग दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, की या सर्वांहून निराळे काही रथ आहे, अशी सरबत्ती होते, आणि शेवटी राजाच कबूल करतो की या अवयवांच्या आश्रयाने वापरले जाणारे ‘रथ’ हे केवळ एक व्यवहाराचे नाव आहे. कुडे येथील बौद्ध लेणी आमच्याच जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीकाठी आहेत, तेव्हा हा विचार या किनाऱ्याला परका नाही. तथापि माझे मन या उत्तराने भरत नाही. पुतण्याला सिएरा हे केवळ नाव आहे असे सांगितले, तर मग नव्या लोखंडाला जुने नाव देण्यासाठी आपण रात्री जागून पत्रा का घासतो, असे तो विचारील, आणि त्याला उत्तर द्यावे लागेल.

नैयायिक याच्या नेमके उलट टोकाला उभा असतो. अवयवांहून भिन्न असा अवयवी खरोखर आहे, तो अवयवांत समवाय संबंधाने राहतो, असे तो ठासून सांगतो. हे ऐकून मोटारप्रेमी माणसाला धीर येतो. पण तो फार वेळ टिकत नाही. कारण त्याच शास्त्राचे पुढचे म्हणणे असे की, पटातून एक तंतू काढला तर तो पट नाश पावतो आणि उरलेल्या तंतूंपासून खंडपट नावाचा दुसराच पट उत्पन्न होतो. हाच तो, असे आपण म्हणतो ते सादृश्यामुळे. म्हणजे पहिला बोल्ट काढला त्या क्षणीच सिएरा गेली! बौद्धाने वस्तू नाहीशी केली, नैयायिकाने ती इतकी खरी केली की तिला हात लावणे अशक्य झाले. पण पाकाच्या वादात हाच नैयायिक मऊ होतो. कच्चा घट आव्यात घातला असता वैशेषिकांच्या मते त्याचे परमाणूंपर्यंत विघटन होते, परमाणू तांबडे होतात आणि त्यांचा पुन्हा घट बनतो. नैयायिक म्हणतो, छे, आव्याच्या छिद्रातून पाहिले तर घट जागच्या जागी दिसतो आणि त्याच्यावर रचलेली मडकी ढासळत नाहीत, तेव्हा अग्नी त्याच घटाचा गुण बदलतो. या युक्तिवादातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे वरची मडकी. घट तोच आहे की नाही हे ठरवताना नैयायिकाने त्याच्या आधाराने उभे असलेल्यांची साक्ष काढली.

देवळांच्या बाबतीत आपला समाज हा प्रश्न मुळीच अडचणीचा मानत नाही. कौलारू देऊळ जाऊन तिथे सिमेंटचा घुमट येतो, गाभाऱ्याची फरशी बदलते, प्रसंगी भंगलेली मूर्तीही जाते. देव तोच राहतो. का राहतो? कोकणात देवळाला हात लावण्यापूर्वी देवाला कौल लावण्याची वहिवाट आहे. उजवा प्रसाद मिळेपर्यंत गावकरी पहार उचलत नाहीत. नंतर संकल्प सोडला जातो, त्यात देश, काल आणि कर्त्याचे नाव मोठ्याने उच्चारले जाते. मूर्ती हलवायची तर देवतेला कलशात आवाहन करून तिथे तिची सोय केली जाते, आणि काम पुरे झाल्यावर पुन्हा प्रतिष्ठा होते. या सर्व विधीत चोरून असे काही नाही. अवयव बदलतात, पण कोणी, केव्हा आणि कोणाच्या अनुमतीने बदलले याचा धागा एकदाही तुटू दिला जात नाही.

गंमत अशी की, ज्या पेणमधून घरोघरचे गणपती जातात, त्याच पेणमध्ये आमच्या भागातील मोटारींचे नोंदणी-दप्तर आहे, आणि एमएच-०६ हा क्रमांक तिथूनच मिळतो. एकाच गावातून मूर्तीही निघतात आणि नंबरही निघतात. परंतु या दोन व्यवहारांत एक मोठे अंतर आहे. मूर्तिकाराचा मूर्तीवरील अधिकार ती घरी नेऊन तिची प्राणप्रतिष्ठा होताच संपतो. सोंड डावी का उजवी, हे आता तो सांगायला येत नाही. मोटारीच्या कारखानदाराचा अधिकार मात्र विक्रीनंतरही संपत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम म्हणते की, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. पुतण्याला हा शुद्ध अन्याय वाटतो. टेल्कोने १९९७ मध्ये साध्या सिएराला टर्बो जोडला तो विकास, आणि मी त्याच टर्बोचा दाब थोडा वाढवला, इंटरकूलर मोठा बसवला, पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवले तर तो गुन्हा. निर्मात्याला स्वभाव बदलण्याचा अधिकार आहे आणि भक्ताला नाही, असे का, हा त्याचा सवाल.

सवाल चांगला आहे. पण कायद्याच्या बाजूने मी उभा राहतो तो कारखानदाराविषयीच्या आदराने नव्हे, तर त्या वरच्या मडक्यांमुळे. घरातला देव पाटावर बसलेला असतो. मोटार रस्त्यावर जाते, आणि आमचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणे, मध्येच वळण, वळणावर मासळीच्या पाट्या घेऊन उभ्या असलेल्या बायका, आणि २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्यापासून शनिवारी मुंबईहून येणारी मोटारींची रीघ. सिएराचे ब्रेक एका ठरावीक बळासाठी बनलेले आहेत. ज्यांना टर्बो म्हणजे काय हे ठाऊक नाही, ती माणसे त्या हिशेबावर विसंबून रस्ता ओलांडतात. मूळ तपशील हा निर्मात्याचा हट्ट नसून अनोळखी लोकांशी केलेला करार आहे, आणि करारातील दुसरा पक्ष वळणावर उभा असताना त्याला न विचारता अटी बदलणे याला जीर्णोद्धार म्हणता येत नाही. तिथे कौल लावलेला नसतो.

मिलिंदाच्या संवादात पुढे एक दृष्टान्त येतो, तो रथाच्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले आणि पकडला गेल्यावर तो म्हणाला, याने जे आंबे पेरले ते निराळे, मी नेले ते निराळे, तेव्हा मी दोषी नाही. तो दोषीच, असे राजा म्हणतो, कारण हे आंबे त्या आंब्यांच्या आश्रयानेच झाले. ज्या बौद्धाने रथाला केवळ नाव ठरवले, त्यानेच दोषाचा प्रश्न निघताच संततीचा हिशेब चोख मागितला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. माझ्या मते ‘तीच वस्तू’ हा अवयवांत किंवा अवयवीत सापडणारा पदार्थ नाही. ती कोणीतरी पत्करलेली जबाबदारी आहे. जोवर कोणी जुन्या वस्तूचे देणेघेणे नव्या वस्तूच्या नावे चालू ठेवतो, तोवर वस्तू तीच. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला, तेव्हा एकाही खातेदाराची थकबाकी माफ झाली नाही, यावरून जिल्हा तोच होता हे कोणाही मामलेदाराने निःशंकपणे सांगितले असते.

यावर एक जुना आक्षेप आहे, तो हॉब्स या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकात घेतला. एका जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलताना काढलेल्या सर्व जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचेच पुन्हा जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? पेणच्या दप्तराला हा आक्षेप क्षणभरही अडवणार नाही. चौकटीवर ठोकलेला चॅसिस क्रमांक जिच्यावर असेल ती. म्हणूनच तो तुकडा कापून दुसऱ्या चौकटीला जोडणे ही मोटारचोरांची विद्या ठरते. पुतण्याने चौकटीच्या गंजलेल्या बाजूला नवी पट्टी वेल्ड केली ती त्या अंकांपासून हातभर दूर. आणि आपल्या शास्त्राने भंगलेल्या मूर्तीचे जलात विसर्जन सांगितले, त्यामागे इतर कारणे असतीलच. पण त्यामुळे नव्या मूर्तीला दुसरा दावेदार उरत नाही, ही सोय मला फार दूरदृष्टीची वाटते.

हा मुद्दा मी पुतण्यापुढे मांडला, तो त्याच्या सुट्या भागांच्या खोक्यांकडे बोट दाखवून. काढलेली एकही वस्तू त्याने टाकलेली नाही. दाब न वाढवण्याचे त्याने बऱ्याच वादानंतर मान्य केले. रंग मात्र बदलायचा आहे, आणि त्यासाठी अर्ज करून नोंद करून घ्यायची आहे, हेही मान्य केले. पण जुना टर्बो भंगारात देण्यास तो राजी होईना. बाहेरचे घरटे चांगले आहे, आतला दांडा, चक्रे आणि बेरिंगे तेवढी नवी येतात, ती जुन्या घरट्यात बसवली की झाले, असे त्याचे म्हणणे. “मग हा जुना टर्बो म्हणायचा की नवा?” त्याने मलाच उलट विचारले. नैयायिकाचे उत्तर मला ठाऊक होते, ते मी दिले. त्याने ते ऐकून घेतले आणि दांड्याची ऑर्डर दिली. दुकानदार जुना दांडा परत मागतो आहे, आणि तो द्यावा की खोक्यात ठेवावा याबद्दल आमचे अद्याप एकमत झालेले नाही.