रिकामी कोठडी, भरलेला तुरुंग



काही दिवसांपूर्वी एका पाड्यावर मिस्सा आटोपून चहा घेत बसलो होतो. तुरुंगाचा विषय निघाला, तेव्हा एक काका म्हणाले, "फादर, बँकांचे पैसे घेऊन परदेशात गेलेल्या साहेबांसाठी मुंबईच्या तुरुंगात कोठडी तयार ठेवली आहे म्हणतात. साहेब तर येत नाहीत. मग त्या कोठडीचा खर्च कोणाच्या खिशातून?" मी म्हणालो, "तुमच्या-माझ्या." सगळे हसले. पण परतीच्या वाटेवर तो प्रश्न काही माझी पाठ सोडेना. आपल्या धर्मग्रामात आयकर भरणारे मोजकेच आहेत. पण साबण, चप्पल, मोबाईलचे रिचार्ज घेताना कर आपण सगळेच भरतो. म्हणून काकांना तो प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

आधी हकीकत पाहू. २०१८ मध्ये विजय मल्ल्या यांच्या खटल्यात लंडनच्या न्यायालयाने मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील बराक क्रमांक १२ चे चित्रीकरण मागवले आणि आपल्या सरकारने ते पाठवले. पुढे नीरव मोदी यांच्यासाठी याच तुरुंगात माणशी ३ चौरस मीटर जागा, सुती चटई, उशी, चादर, पांघरूण, पुरेसा उजेड आणि हवा देण्याचे आश्वासन दिले गेले. २०२५ मध्ये मेहुल चोक्सी यांच्यासाठी बेल्जियमलाही याच बराकीचा हवाला देण्यात आला. तयारी झाल्यावर कित्येक वर्षे गेली, तरी ज्यांच्यासाठी ती केली ते आले नाहीत.

मग हा पैसा वाया गेला का? घाईने उत्तर देऊ नये. दवाखान्यातली खाट रिकामी असली म्हणून ती फुकट गेली असे आपण म्हणत नाही. अग्निशमन दलाची गाडी महिनाभर उभी राहिली तर आपण देवाचे आभार मानतो. काही गोष्टी वापरल्या जाऊ नयेत अशी प्रार्थना करतच सज्ज ठेवायच्या असतात. तेव्हा एखादी जागा नुसती रिकामी आहे का, हे विचारून भागत नाही. ती कशामुळे रिकामी आहे, हे विचारावे लागते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याने थॉमसन या गावी १,६०० कोठड्यांचा तुरुंग सुमारे १४ कोटी डॉलर खर्चून २००१ मध्ये बांधून पूर्ण केला. पण तो चालवायला पैसेच नव्हते! अनेक वर्षे तो जवळजवळ रिकामा राहिला आणि अखेर २०१२ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने तो विकत घेतला. याला आपण चुकलेला हिशेब म्हणू. उलट नेदरलँड्समध्ये कैद्यांची संख्याच इतकी घटली की २०१० पासून त्यांनी एक तुरुंग बेल्जियमला आणि २०१५ मध्ये दुसरा नॉर्वेला वापरायला दिला. काही रिकाम्या तुरुंगांत निर्वासितांची सोय केली. बंदिवानांना मुक्तीची घोषणा करणाऱ्या यशया संदेष्ट्याला असे रिकामेपण नक्कीच आवडले असते.

आपल्या कोठडीची गोष्ट या दोन्हींहून वेगळी आहे. आर्थर रोडची मान्य क्षमता वर्षानुवर्षे ८०४ होती आणि आत ३,००० हून अधिक माणसे राहत होती. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातील तुरुंगांत ४,३६,२६६ जणांची सोय होती आणि कैदी होते ५,७३,२२०. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेले. फादर स्टॅन स्वामी अशाच कच्च्या कैद्यांपैकी एक. ८३ व्या वर्षी तळोजा तुरुंगात गेलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंचे हात कंपवाताने थरथरत, म्हणून त्यांनी नळीचा पेला मागितला होता. ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच त्यांचे रुग्णालयात निधन झाले. त्यांच्यावरील आरोप खरे की खोटे, याचा निकाल लागलाच नाही.

हे वाचून मनात राग येतो. माझ्याही आला. वाटते, त्या श्रीमंतांनाही टाका त्याच गर्दीत! पण थांबा. हा राग न्यायाचा नाही. ३ चौरस मीटर जागा, उशी आणि उजेड ही काही चैन नव्हे. आरोपी श्रीमंत असला तरी तोही देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे. त्याला जे मिळणार ते काढून घेतल्याने गरिबाला बोटभरही जागा जास्त मिळत नाही. खरा मुद्दा दुसराच आहे. परदेशातल्या न्यायाधीशाने विचारल्याबरोबर आपण एका माणसासाठी एवढे करू शकतो, याचा अर्थ ते करता येते. मग इतरांच्या बाबतीत "अशक्य आहे" असे म्हणायला जागा उरत नाही. त्या कोठडीची खरी किंमत तिच्या वीजबिलात शोधू नये. आपल्याला जमत होते आणि तरीही आपण केले नाही, याची ती साक्ष आहे.

२६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधानदिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात हेच दुखणे मांडले. क्षुल्लक कारणासाठी वर्षानुवर्षे आत राहिलेल्या गरिबांविषयी त्या बोलल्या, आणि आणखी तुरुंग बांधण्याची गरजच का पडावी, असे त्यांनी विचारले. आपल्या भागाला हे समजावून सांगायला नको. ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेला मुलगा तिकडे पकडला गेला, तर त्याला जामीन कोण राहणार? ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला जामीनदार सहजी मिळत नाही.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याच्या कलम ४७९ प्रमाणे, ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही असा कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले यातून वगळले आहेत. दुसरे, अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या कोणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

ऑगस्टचा दुसरा रविवार भारतातील ख्रिस्तसभा तुरुंगातल्या बांधवांसाठी पाळते, आणि १४ तारखेला आपण संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा सण साजरा करतो. १९४१ साली आउशवित्झच्या छळछावणीत एका अनोळखी बंदिवानाऐवजी ते स्वतः उपाशी मरायला पुढे झाले. आपल्याकडून एवढे कोणी मागत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातील अखेरच्या न्यायाच्या प्रसंगात प्रभू फक्त भेटीला गेलात का, एवढेच विचारतो.

तुमच्या घरातले, पाड्यावरचे कोणी आत असेल, तर लाज न बाळगता मला येऊन सांगा. आपण मिळून त्याच्या भेटीला जाऊ.

आपला ख्रिस्तबंधू,
तुमचे धर्मगुरू