बोलणारा रोगी आणि दाखवलेली जखम

टीव्हीवर तंबाखूविरोधी जाहिरात लागली की आपल्याकडच्या चर्चेला दोनच वाटा फुटतात. एक बाजू म्हणते, ऐन जेवणाच्या वेळी सडलेले तोंड कशाला दाखवता? दुसरी म्हणते, दाखवा की न दाखवा, काही फरक पडत नाही. लोकांची नजर मेली आहे. पहिली तक्रार सोफ्यावरून येते, दुसरी अभ्यासकाचा आव आणून. दोघांनाही एक साधा प्रश्न पडत नाही : या जाहिरातीत बोलते कोण, आणि ती बोलते कुणाशी? हा प्रश्न टाळून ‘धक्कादायक जाहिराती दाखवाव्यात की नाही’ यावर कितीही तावातावाने बोलले तरी हाती काही लागत नाही.

मागचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली, 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आला, 2012 च्या जुलैत महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. ती बंदी कशी पाळली जाते हे कोणतेही शाळकरी पोर सांगेल. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरपासून नवा नियम लागू झाला. पडद्यावर कुणी तंबाखू सेवन करताना दिसला, की सुरुवातीला आणि मध्यावर किमान तीस सेकंदांचा आरोग्यसंदेश दाखवणे सक्तीचे झाले, थिएटरात आणि टीव्हीवरही. ‘मुकेश’ आणि ‘स्पंज’ या दोन फिती घराघरांत पोचल्या त्या तेव्हापासून. मुकेश भुसावळचा. मुंबईच्या टाटा रुग्णालयात त्याच्यावर तोंडाच्या कर्करोगाचे उपचार झाले, आणि 2009 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी तो गेला. स्पंजची कल्पना मूळची ऑस्ट्रेलियातली, 1979 सालची : फुप्फुसे स्पंजासारखी असतात असे सांगायचे आणि तो स्पंज पिळून काळे डांबर भांड्यात गाळून दाखवायचे.

काही आक्षेप एकेका वाक्यात निकालात निघतात. लहान मुलांच्या मनावर परिणाम होतो म्हणणाऱ्यांनी रात्री नऊच्या मालिकांत काय चालते ते आधी पाहावे. कलावंताच्या स्वातंत्र्याचा मुद्दा मला मान्य आहे. वुडी ॲलनने 2013 मध्ये धूम्रपानाच्या दृश्यांवर झळकणाऱ्या सूचनांसह ‘ब्लू जास्मिन’ भारतात दाखवायला नकार दिला, तो त्याचा हक्कच होता. पण तो वाद सिनेमाच्या चौकटीवर चाललेल्या मजकुराचा आहे, जाहिरातीचा नाही. आणि सरकारने नागरिकांचे पालक होऊ नये म्हणणाऱ्यांनी कर्करोगावरच्या सरकारी खर्चाचे काय करायचे तेही सांगावे.

‘नजर मेली’ हा युक्तिवाद मात्र सोडून देण्यासारखा नाही. तो शहाण्या माणसांच्या तोंडी असतो आणि त्यात शास्त्राचा वास येतो. तेच तेच भयानक दृश्य वारंवार पाहिले की मन बधिर होते, म्हणून अशा जाहिराती वाया जातात, असे त्याचे स्वरूप. ठीक आहे. मग हाच नियम इलायचीच्या जाहिरातींना का लावत नाहीत? पान मसाल्याच्या कंपन्या इलायचीच्या डबीआडून आपले नाव क्रिकेटच्या प्रत्येक षटकानंतर दाखवतात. एकच नट, एकच ओळ, एका संध्याकाळी वीसदा. तिथे कोणी म्हणत नाही की प्रेक्षकांची नजर मेली, आता हा खर्च थांबवा. तिथे पुनरावृत्ती म्हणजे ताकद. सरकारी जाहिरातीत तीच पुनरावृत्ती म्हणजे कंटाळा. ज्यांना बाजार कळतो ते सांगण्यापेक्षा पैसे मोजतात, आणि ते कशावर मोजतात हे आपल्याला दिसतेच आहे. सिगारेट सोडून ते पैसे बायकोच्या सॅनिटरी पॅडवर खर्च कर, असे मित्राला पडद्यावर सुनावणारा अक्षय कुमार पुढे इलायचीच्या जाहिरातीतही दिसला, आणि 2022 च्या एप्रिलमध्ये लोकांची माफी मागून त्याने तिथून अंग काढून घेतले. माफी मागावी लागली, कारण लोकांच्या लक्षात होते. मेलेल्या नजरेला असले काही लक्षात राहत नाही.

नजर मेल्याचा पुरावा म्हणून हसण्याकडेही बोट दाखवले जाते. मुकेशवर विनोद झाले, कॉलेजच्या कट्ट्यावर त्याच्या आवाजाची नक्कल झाली, हे खरेच. पण हसू हे बधिरपणाचे लक्षण कधीपासून झाले? माणूस ज्याला घाबरतो त्याचीच टिंगल करतो. कोणतीही खूण न ठेवता गेलेल्या शेकडो सरकारी जाहिराती आहेत. त्यांच्यावर एकही विनोद नाही.

उलटा पुरावा मला पुण्याच्या मार्केट यार्डात मिळतो. गुलटेकडीच्या भुसार बाजारात गाडी खाली झाली की हमाल सावलीला टेकतात. आकडी कमरेला, खांद्यावरचे फडके मांडीवर. पुडीचा कोपरा दाताने फाडायचा, तळहातावर तंबाखू ओतायची, डबीतला चुना नखाने काढून अंगठ्याने मळायचे, दोन थापा मारून धूळ उडवायची आणि बार खालच्या ओठाआड सारायचा. हात हे सगळे न बघता करतात. पण पुडी घेताना त्यांची नजर पुडीवर पडते. 2016 च्या एप्रिलपासून पाकिटाचा 85 टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राने आणि मजकुराने व्यापलेला असतो. टपरीवर मी ऐकलेले वाक्य असे : ‘‘मामा, दुसऱ्या चित्राची दे की, हे लई घाण हाय.’’ टपरीवाल्यानेही निमूटपणे जुन्या छापाची पुडी काढून दिली. नजर मेली असती तर चित्र बदलून मागायची गरज पडली नसती. देशव्यापी सर्वेक्षणही वेगळे सांगत नाही : पाकिटावरच्या इशाऱ्यामुळे सोडायचा विचार केला असे सांगणारे तंबाखू खाणारे 2009-10 मध्ये शंभरात 34 च्या आसपास होते, 2016-17 मध्ये 46. विचार करणे म्हणजे सोडणे नव्हे, हे उघड आहे. पण बधिर माणसाच्या मनात विचारही येत नाही.

तेव्हा धक्का बसतो, यात मला शंका नाही. खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. चित्र बदलून मागणाऱ्या त्या माणसाला धक्का बसला, पण तो तंबाखूपासून लांब गेला नाही, चित्रापासून गेला. त्याच बैठकीत मुकेशची आठवण निघाली तेव्हा दुसरा एक हमाल म्हणाला, ‘‘ते पोरगं वर्षभरच खात होतं म्हणं. मी इसेक वर्सं खातोय.’’ एवढे बोलून तो गप्प बसला नाही, तर बोटाने गालाची आतली बाजू चाचपून शेजाऱ्याला विचारू लागला, की तिखट लागलं की इथं झोंबतं, ते कशानं? पुडीवरच्या चित्राने नजर फिरवायला लावली. मुकेशने स्वतःचे तोंड तपासायला लावले.

माझा सगळा भर या फरकावर आहे. दाखवलेली जखम आणि बोलणारा रोगी या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि आपण त्यांना ‘धक्कादायक’ या एकाच खात्यात टाकतो. जखमेला नाव नसते, गाव नसते. ती कुणाचीही असते, म्हणून आपली नसते. मुकेश मात्र ‘मी’ म्हणतो. किती दिवस गुटखा खाल्ला ते सांगतो, ऑपरेशननंतर कदाचित बोलता येणार नाही असे म्हणतो. पाहणाऱ्याला हिशोब मांडावा लागतो : त्याचे एक वर्ष, माझी किती? स्पंजच्या फितीत असा हिशोब नाही. तिथे एक जाणकार आवाज सांगतो आणि आपण ऐकतो. शिवाय ती सगळी फुप्फुसांची गोष्ट. त्याच 2016-17 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले, आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. संदेशाची गरज मात्र ठरते ती नायकाने सिगारेट शिलगावल्यावर. यार्डातला हमाल विडीपेक्षा बार भरतो, आणि निवडणीला बसणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या बायकांपैकी कित्येकींचा दिवस मशेरीने सुरू होतो. मशेरी लावणारी बाई मी एकाही जाहिरातीत पाहिलेली नाही.

हा फरक केवळ प्रभावाचा नाही, तर न्यायाचाही आहे. नुसती जखम किळस निर्माण करते, आणि किळस रोगावर थांबत नाही; ती रोग्याच्या वर्गाला चिकटते. मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्न खाणाऱ्याला ते तोंड ‘त्यांचे’ वाटते : रिक्षावाल्याचे, हमालाचे, भिंती रंगवणाऱ्याचे. ऑस्ट्रेलियात 1987 साली एड्सच्या जाहिरातीत साक्षात मृत्यू माणसांना बोलिंगच्या खेळातल्या पिनांसारखे आडवे पाडताना दाखवला. देश हादरला, तपासणीसाठी रांगा लागल्या. पण त्या भीतीचा रोख समलिंगी पुरुषांवर वळला, ही टीका आजतागायत होते. किळस आणि लाज यांची किंमत वैद्यकीयही असते. तोंडाच्या कर्करोगाआधी बहुधा पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो, न भरणारा व्रण राहतो, किंवा तोंड आखडत जाते. तीन बोटे उभी आत जाईनाशी होतात. या टप्प्यावर माणूस डॉक्टरकडे गेला तर बरेच काही हाती असते. पण ज्याला आपले तोंड म्हणजे घाण असे शिकवले, तो ते उघडून दाखवेल कशाला? तो ओठ मिटून घेतो आणि उशिरा येतो.

यार्डातली तंबाखू ही नुसती लत नाही, हेही जाहिरात करणाऱ्यांनी ओळखायला हवे. ती भूक मारते, पहाटेची झोप उडवते. हमालांच्या संघटनेने, हमाल पंचायतीने, ‘कष्टाची भाकर’ ही जेवणाची सोय सुरू केली, तेव्हा कष्टकऱ्याच्या ताटात स्वस्त, गरम अन्न पडले. तंबाखूवरचे ते व्याख्यान नव्हते, पण उपाशीपोटी बार भरण्याचे एक कारण त्याने कमी केले असणार, असे मला वाटते. जाहिरात हे काम करू शकत नाही. तिने निदान भुकेल्या माणसाला घाणेरडा ठरवू नये.

म्हणून माझे म्हणणे असे. धक्कादायक जाहिराती टीव्हीवर जरूर दाखवाव्यात, जेवणाच्या वेळीही दाखवाव्यात. ज्याला बोलताना-गिळताना त्रास होतो, त्याच्या घरी जेवणाची वेळ रोजच अवघड असते. पण त्यांत रोगी बोलला पाहिजे, त्याच्या संमतीने आणि त्याच्याच मराठीत. हिंदी फितीवर चढवलेला शुद्ध आवाज नको. खानदेशातला, मराठवाड्यातला, यार्डातला माणूस बोलू दे. मशेरी सोडलेली बाई बोलू दे. आणि त्याच तीस सेकंदांत तीन बोटांची खूण दाखवा. पुढे काय करायचे ते न सांगता घाबरवणे हा निव्वळ दुष्टपणा आहे. 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक 2018 पासून पाकिटांवर छापला जातो. तो प्रत्येक जाहिरातीत मोठ्याने, सावकाश आणि दोनदा वाचून दाखवला पाहिजे, कारण ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यांतल्या अनेकांना पाकिटावरचे वाचता येत नाही.