राज्यपालांची मोजपट्टी आणि जामखेड

राज्याचा पैसा कुठे खर्च करायचा हे मंत्रिमंडळ ठरवते आणि विधिमंडळ त्याला मंजुरी देते. राज्यपालांच्या शिफारशीवाचून अनुदानाची मागणी सभागृहात मांडता येत नाही. पण ती शिफारसही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होते. म्हणजे एरवी राज्यपालांची सही हा उपचार. महाराष्ट्रात मात्र या उपचाराला घटनेनेच एक अपवाद जोडला आहे. अनुच्छेद ३७१ (२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापण्याची आणि विकासखर्चाच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतात. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ-मराठवाड्याला जो शब्द दिला होता, त्याला १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने दिलेले हे कायदेशीर रूप. प्रत्यक्षात मंडळे यायला १९९४ साल उजाडले. पुढे राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांच्या कारकिर्दीत वाटपाचे निर्देश निघू लागले आणि धरण-कालव्यांचा पैसा कोणत्या प्रदेशाला किती जाणार, हे राजभवनाच्या कागदावर ठरू लागले.

लोकांनी न निवडलेल्या माणसाने निवडून आलेल्या सरकारचा हात धरावा का, हा पहिला आक्षेप आणि तो हलका नाही. पण त्यामागचा अनुभव पाहावा लागतो. सभागृहात बहुमत असलेला प्रदेश आपल्या वाट्याचे पाणी आणि रस्ते आधी ओढून घेतो. ज्यांची संख्या कमी, त्यांनी दर अधिवेशनात गाऱ्हाणे मांडायचे आणि पुरवणी मागण्यांची वाट पाहायची. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, आरोग्य, शिक्षण, पाणीपुरवठा अशा नऊ क्षेत्रांतला अनुशेष मोजला. तो सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला. निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून पुन्हा हिशेब केला, तेव्हा आकडा १४ हजार कोटींवर गेला होता. किमती आणि गरजा वाढल्या हे त्याचे एक कारण. पण अनुशेष मान्य करून तो दूर करण्याचे काम केवळ सभागृहाच्या सद्भावनेवर सोडले तर काय होते, हेही त्यातून दिसते. बहुमताला वेसण घालणारी तरतूद बहुमताच्या हाती ठेवून चालत नाही. म्हणून राज्यपालांचा अधिकार तत्त्वतः योग्यच आहे. माझा आक्षेप त्यांच्या मोजपट्टीला आहे.

ही मोजपट्टी कुठे अपुरी पडते हे जामखेडमध्ये स्पष्ट दिसते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा हा तालुका. उत्तरेला आणि पूर्वेला बीडचे आष्टी आणि पाटोदा, पलीकडे धाराशिवचे भूम आणि परंडा, दक्षिणेला सोलापूरचे करमाळा. बालाघाटच्या डोंगररांगा, हलकी जमीन, सीनेच्या खोऱ्यातले बेभरवशाचे पाणी, ज्वारीवरचा भर आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या टोळ्या, हे सारे शिवेच्या दोन्ही बाजूंना सारखेच. तरी पाटोदा मराठवाड्यात मोजला जातो आणि जामखेड उर्वरित महाराष्ट्रात. ही रेषा पावसाने आखलेली नाही. मुंबई इलाखा कुठे संपतो आणि निजामाचे राज्य कुठे सुरू होते, एवढेच ती सांगते. मराठे आणि निजाम १७९५ मध्ये ज्या खर्ड्याला भिडले, ते खर्डा याच तालुक्यातले. संस्थान विलीन झाले, राज्यांची पुनर्रचना झाली. पण ती जुनी हद्द निधिवाटपाच्या तक्त्यात आजही जिवंत आहे.

उर्वरित महाराष्ट्र म्हणजे कोकण, पुणे आणि नाशिक हे महसूल विभाग. त्यात मुंबई आहे, पुणे आहे, कोल्हापूरचा ऊस आहे आणि जामखेडही आहे. प्रदेश मोठा म्हणून जिल्हा घ्यावा, तर अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. भंडारदरा आणि मुळा धरणांच्या कालव्यांखालचे उत्तरेतले ओलित आणि प्रवरानगरला १९५० मध्ये सुरू झालेल्या सहकारी साखर कारखानदारीची समृद्धी याच जिल्ह्याची. सरासरी काढली की उत्तरेचे पाणी कागदावर जामखेडच्याही वाट्याला येते. कालव्याखालचा ऊस-बागायतदार आणि त्याचा ऊस तोडायला जाणारा कोरडवाहू शेतकरी एकाच सरासरीत बसतात आणि दोघेही मध्यम ठरतात. साताऱ्याच्या माण-खटावमधूनही राज्यपालांच्या सूत्राविरुद्ध हीच तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे.

तालुका मोजायला घेतला की मराठवाड्या-विदर्भातून शंका येते. पश्चिम महाराष्ट्राच्या पुढाऱ्यांनी माण किंवा जामखेडचा दुष्काळ पुढे करायचा आणि आमच्या वाट्याचा पैसा आपल्याकडे वळवायचा, असा हा डाव तर नाही? निर्देश डावलून निधी वळवल्याचे वाद नागपूर खंडपीठापर्यंत गेलेले असताना ही शंका अनाठायी म्हणता येत नाही. पण तिच्यावर उपाय आहे. तीन प्रदेशांमधले वाटप आहे तसे, निर्देशांनी बांधलेले ठेवावे. तालुक्याची मोजपट्टी फक्त प्रदेशाच्या आतल्या वाटपाला लावावी. तशी लावली तर विदर्भाचा एक रुपयाही कमी होत नाही; मराठवाड्यातल्या कोरड्या तालुक्यांना उलट फायदाच होतो. जामखेडचा हिस्सा उर्वरित महाराष्ट्रातल्या सुस्थितीतल्या तालुक्यांच्या वाट्यातून यावा लागतो, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. प्रदेशाच्या नावाने भांडणाऱ्या नेतृत्वाला प्रदेशाच्या आतली विषमता मोजलेली नको असते.

दुसरा आक्षेप अभियंत्यांचा. धरण तालुका पाहून बांधत नाहीत, खोरे पाहून बांधतात. पैसा साडेतीनशेहून अधिक तालुक्यांत विखुरला तर एकही प्रकल्प पुरा होणार नाही. शिवाय सीना भीमेची उपनदी, म्हणजे जामखेडचे बहुतेक पाणी कृष्णा खोऱ्यातले. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसीची मर्यादा घातलेली, तेव्हा पैसा देऊनही पाणी कुठून आणणार? आक्षेप खरा आहे आणि त्यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. जिथे नवे पाणी आणता येत नाही, तिथे भांडवली खर्च म्हणजे मोठे धरण हे समीकरणच सोडावे लागते. असलेल्या पाझर तलावांची आणि बंधाऱ्यांची दुरुस्ती, पाणलोटाची कामे, पिण्याच्या पाण्याच्या योजना, बाजारापर्यंतचा रस्ता, तंत्रशिक्षण यांचे माप तालुक्यात घेता येते. दांडेकरांची नऊ क्षेत्रे याच व्यापक समजुतीतून आली होती. पुढे सगळा वाद सिंचनाभोवती फिरत राहिला. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुका हा घटक धरून विचार मांडला. डिसेंबर २०१४ मध्ये तो अहवाल विधिमंडळापुढे आला आणि तिथेच राहिला.

३० एप्रिल २०२० रोजी विकास मंडळांची मुदतही संपली. ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. मंडळे विदर्भ-मराठवाड्याच्या मागणीखातर पुन्हा आणायची आणि जुनीच पट्टी त्यांच्या हाती द्यायची, असे झाले तर जामखेडला त्याचा उपयोग शून्य. नियमाने पैसा येत नाही तेव्हा तो निमित्ताने येतो. अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीनिमित्त ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक याच तालुक्यातल्या चौंडीत झाली आणि तिथल्या स्मृतिस्थळासाठी ६८१ कोटींचा आराखडा मंजूर झाला. स्मारकाला विरोध करण्याचे कारण नाही; जिने स्वतःच्या खासगीतून घाट, विहिरी आणि बारवा बांधल्या, तिच्या जन्मगावी खर्च व्हावा हे उचितच. पण तीनशे वर्षांपूर्वी गावात कोण जन्मले यावर तालुक्याचा भांडवली खर्च अवलंबून असेल, तर शेजारच्या ज्या तालुक्यात कोणी जन्मले नाही त्याने कोणाकडे पाहायचे? हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक इथे आहे. मेहेरबानीला पुढच्या वर्षी उत्तर द्यावे लागत नाही, हक्काला द्यावे लागते.

म्हणून राज्यपालांकडून मागायचे ते अधिक अधिकार नव्हेत. आहे तो अधिकार वापरताना दोन गोष्टी निर्देशात लिहाव्यात, एवढीच मागणी पुरेशी आहे. प्रदेशाच्या वाट्यातला पैसा आतल्या तालुक्यांच्या तुटीच्या क्रमाने जावा. आणि मंजूर तरतूद किती होती यासोबत खर्च किती झाला, हा तालुकावार तक्ता दरवर्षी विधिमंडळापुढे यावा. मंडळांचा अहवाल दरवर्षी सभागृहात ठेवण्याची सोय घटनेत आहेच. तो तक्ता समोर असला तर जामखेडच्या आमदाराला राजभवनाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. अर्थमंत्र्यांना सभागृहातच जाब विचारता येईल. राज्यपालांनी हात धरल्याने लोकशाही दुबळी होते, या पहिल्या आक्षेपाचे खरे उत्तरही तेच आहे.