देवावर भरवसा आणि डोक्यावर हेल्मेट



रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या फाटकाबाहेर आपल्या मुलांच्या गाड्या सुरू होतात. मुले क्रूसाची खूण करतात आणि एका स्कूटरवर तिघे-तिघे बसून निघतात. हँडलला रोझरीची माळ असते, हेल्मेट मात्र आरशाला लटकत असते. कोणी हटकले तर उत्तर ठरलेले : "देव आहे ना सांभाळायला!"

अगदी असेच बोलणे घेऊन सैतान प्रभू येशूकडे आला होता. मंदिराच्या शिखरावर उभे करून, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे त्याने सुचवले. येशूचा पित्यावर पूर्ण भरवसा होता, तरीही त्याने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहणे ही श्रद्धा नव्हे, हे त्याने सैतानाला स्पष्ट सांगितले. माळ जवळ बाळगणे ही भक्ती आहे. पण तिच्या भरवशावर उघड्या डोक्याने गाडी पळवणे म्हणजे शिखरावरून उडी टाकण्यासारखेच आहे.

पाचवी आज्ञा रस्त्यावरही लागू आहे. वेगाच्या नादात किंवा नशेत स्वतःचा व दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष आहे, असे ख्रिस्तसभेची शिकवण (कॅटेकिझम, परिच्छेद २२९०) सांगते. २००७ साली तर व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी खास दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या.

हेल्मेटमधील थर्माकोलसारखा थर आघात होताच स्वतः चेपतो आणि डोक्याला बसणारा मार कमी करतो. अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की, हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. पण पट्टा लावला नसेल, तर ते पडतानाच निसटते.

पालकांनो, किल्ली आपल्या हातात आहे. १६ वर्षांच्या मुलाला परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा. घरोघरी असलेल्या ११० सीसीच्या स्कूटरसाठी वय १८ लागते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक व गाडीमालक दोषी धरले जातात. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. पण दंड भरता येतो, लेकरू परत आणता येत नाही. "क्लासला उशीर होतोय" किंवा "इथल्या इथे तर जायचंय" म्हणून किल्ली देण्याआधी एवढे मनात आणू या.

युवक मित्रांनो, दृढीकरणाच्या दिवशी तुमच्या कपाळावर पवित्र तेलाची खूण झाली. ते मस्तक पवित्र आत्म्याच्या मंदिराचा भाग आहे. त्याची काळजी घेणे हा भित्रेपणा नव्हे. आयएसआय खुणेचे, डोक्याला नीट बसणारे हेल्मेट घाला, पट्टा लावा. मागे बसणाऱ्यालाही घालायला सांगा. तिसऱ्याला "तू चालत ये" म्हणायला लाजू नका. घरी कोणीतरी तुमची वाट पाहत असते.

आजपासून आपल्या घरी एक नेम करू या : आधी क्रूसाची खूण, मग हेल्मेट, मगच किल्ली. प्रभू आपल्या लेकरांना सुखरूप घरी आणो. आमेन.